शिट्टीचा दात

दात बनवणाऱ्या बाईचीच दातखीळ बसावी, ही थट्टा त्या कारखान्यात इतकी जुनी झाली होती की तिच्यावर आता कुणी दातही काढत नसे. थट्टा जुनी असली तरी गोष्ट खरी होती. बाई कामाला वाघ, पण बोलायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी. मराठीत निदान गरजेपुरतं बोलायची. इंग्रजीचं नाव काढलं की ओठ जे मिटायचे ते थेट जेवणाच्या डब्यासमोरच उघडायचे. म्हणून सगळे तिला मौनी म्हणत, आणि ती त्या नावालाही मान हलवूनच ओ देई.

आपण डॉक्टरच्या खुर्चीत बसून आ करतो, डॉक्टर माप घेतात आणि काही दिवसांनी नवा दात बसवतात. तो दात डॉक्टर स्वतः घडवत नाहीत हे पुष्कळांना माहीतच नसतं. तो अशाच कुठल्यातरी कारखान्यात, अशाच कुठल्यातरी मौनीच्या हाताखालून जातो. इथला कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि मॅडमची काचेची केबिन. बाहेरच्या खोलीत प्लॅस्टर. तिथे जबड्यांचे साचे ओतायचे, वाळवायचे, घासायचे, आणि दिवसभर पांढरी भुकटी खायची. आतल्या खोलीत भट्टी, पोर्सिलेनच्या पुड्या, बारीक ब्रश आणि ओळीने टेबलं. त्यातलं खिडकीजवळचं टेबल मौनीचं होतं. पुढचे दात तिथे बनत, कारण पुढच्या दाताचा रंग दिव्याखाली फसवतो आणि उजेडात खरं बोलतो.

त्या टेबलापर्यंत पोचायला तिला फार वर्षं लागली होती. आधीची सगळी वर्षं प्लॅस्टरच्या खोलीत गेली. तिथली भुकटी तिच्या केसांत बसली, डब्यात बसली, आणि शेवटी छातीत बसली. खोकला इतका वाढला की सासूबाई शेजारणीला सांगत, सून घरी आल्याचं मला दारावरच्या घंटीच्या आधी कळतं. खिडकीजवळ आल्यापासून तो खोकला गेला. त्यामुळे मौनीसाठी ते टेबल म्हणजे बढती वगैरे नव्हतं, ते तिचं श्वास घेण्याचं ठिकाण होतं.

आणि मग कारखान्याला अमेरिकेचं काम मिळालं.

काम एका छोट्या गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं. पेशंटच्या तोंडाचा स्कॅन संगणकावर यायचा, इथे थ्रीडी प्रिंटरवर त्याचा जबडा छापला जायचा, त्यावर मौनी दात घडवायची आणि तो डबीत बसून विमानाने जायचा. सगळं झकास होतं, फक्त डॉक्टरांची एक अट होती. दात जो बनवेल त्याच्याशी आपण थेट बोलणार, मध्ये कुणी नको. मॅडमनी अट आनंदाने मान्य केली आणि मौनीला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, हात तुमचा आहे, त्यात वाद नाही," मॅडम म्हणाल्या. "पण त्यांनी कधी फोन लावला तर बोलावं तुम्हालाच लागेल. ते जमणार नसेल तर खिडकीचं टेबल मला चष्मेवालीला द्यावं लागेल. मग तुमच्यासाठी प्लॅस्टरच राहतं. मला वाईट वाटेल, पण माझाही इलाज नाही."

मौनीने मान हलवली.

चष्मेवाली म्हणजे शेजारच्या टेबलावर दाढा करणारी पोरगी. तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की भट्टी बंद होईपर्यंत थांबत नसे. इंग्रजी ती अशी फाडायची की समोरच्याने आधी घाबरावं आणि मग अर्थ विचारावा. पण मनाने सोन्यासारखी. "ताई, मला नको तुझं टेबल," ती म्हणाली. "पुढचा दात करताना माझा हात थरथरतो. तू बोलायला शीक, म्हणजे दोघींचीही सुटका."

शिकवायला मास्तर आले. हे गृहस्थ बरीच वर्षं अमेरिकेत हायवेवरच्या एका छोट्या हॉटेलात अंडी तळून परतले होते. अमेरिकेत जे काही घडण्यासारखं आहे ते त्या हॉटेलच्या काउंटरवरून दिसतं, अशी त्यांची श्रद्धा होती. व्याकरणाचं पुस्तक त्यांनी पहिल्याच दिवशी उशाला घ्यायच्या लायकीचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत ते प्लॅस्टरच्या खोलीतलं लांब टेबल पुसून त्याचा काउंटर करत, एकाला गिऱ्हाईक करत, एकाला वाढणारी बाई, आणि शब्द असे प्रसंगातून काढत. मालकाने कॉफीचे पैसे घेतले नाहीत तर ती 'ऑन द हाउस'. अनोळखी माणसं शेजारी येऊन बसली आणि कुणीच बोलेना तर कुणीतरी 'आइस' फोडायचा. तोही हवापाण्याने, कुत्र्याने किंवा कालच्या मॅचने, कारण पगार, वय आणि लग्न या तीन गोष्टी विचारायला तिथे बंदी.

"मग बोलतात तरी कशावर?" प्लॅस्टरवाल्या दादांनी मनापासून विचारलं.

एकदा मास्तरांनी बेसबॉल शिकवला. मॅच पावसाने वाहून गेली तर तिकीट फुकट जात नाही, त्यावर पुढची एखादी मॅच बघता येते, त्याचं नाव 'रेन चेक'. आता हाच शब्द सगळीकडे चालतो. कुणी जेवायला बोलावलं आणि आज जमत नसलं तर नाही म्हणायचं नाही, रेन चेक मागायचा.

"म्हणजे आमच्याकडे 'बघू पुढच्या वेळी' म्हणतात, तेच ना?" चष्मेवाली म्हणाली.

"तेच. फक्त ते लोक पुढच्या वेळी खरंच येतात."

सगळे हसले. मौनीही हसली, आणि हसताना तिचा तळहात सवयीने तोंडावर गेला.

या तळहाताचं कारण सांगायला हवं. मौनीचा वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर जरासा चढलेला होता. फार नाही, पण फोटोत नेमका तोच दिसे. लग्न जमवायच्या वेळी मावशी कानात म्हणाली होती, "हसू नकोस हं, नुसती बघ." नवऱ्याने पुढे कधी त्या दाताचा उल्लेखही केला नाही, त्याने तो बहुधा पाहिलाच नसावा. पण मावशीचं ते वाक्य जे आत बसलं ते बसलंच. दुसऱ्यांचे शेकड्यांनी दात सरळ करणाऱ्या मौनीने स्वतःचा केला नाही, कारण त्याचं माप दुसऱ्या कुणीतरी घ्यावं लागतं, आणि त्यासाठी कुणासमोर तरी आ करून बसावं लागतं. इंग्रजीचंही घोडं इथेच अडलं होतं. मराठी ओठांच्या आडून बोलता येतं, निदान तिला तरी यायचं. मास्तरांची ती अमेरिकन इंग्रजी मात्र जबडा मोकळा सोडल्याशिवाय निघतच नव्हती.

शब्द तिला सगळे येत. घरी भाजी चिरताना ती मास्तरांचं हॉटेल डोळ्यांसमोर आणायची आणि आतल्या आत गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची. पण वर्गात तिची पाळी आली की ती वाढणारी बाई व्हायची आणि न बोलता सगळ्यांना पाणी देऊन यायची. मास्तर समजूतदार, ते म्हणायचे, असेही वेटर असतात.

अशात तो दात आला.

पेशंट साठीच्या आसपासची बाई, शाळेच्या बसची ड्रायव्हर. बसचं दार अडकलं, ते ओढताना दांडा तोंडावर बसला आणि पुढचा दात मोडला. स्कॅनबरोबर डॉक्टरांनी तिचा जुना फोटो पाठवला होता, आणि खाली लिहिलं होतं की बाईंना दात जसा होता तसाच हवा आहे. मौनीने फोटो मोठा करून पाहिला आणि तिच्या अंगावर काटा आला. तोच दात, तोच चढलेला कोपरा, फक्त तोंड अमेरिकेतलं.

त्याच आठवड्यात मास्तरांनी शाळेतला 'पिक्चर डे' शिकवला होता. तिकडे वर्षातून एकदा शाळेत फोटोवाला येतो, पोरं भांग पाडून येतात, आणि त्या एका फोटोसाठी आईबाप पोरांच्या दातांना वर्षानुवर्षं तारा बांधतात. सरळ, पांढरे, एका ओळीत उभे दात, हे अमेरिकेचं खरं निशाण, असं मास्तरांचं मत. शिवाय त्यांनी हेही शिकवलं होतं की अमेरिकन माणूस तोंडावर मागत नाही आणि तोंडावर नाकारतही नाही, सगळं गोडीत गुंडाळून सांगतो.

मौनीने दोन आणि दोन चार केले. कुणाला असा दात मुद्दाम हवा असेल? बाई गरीब स्वभावाची असणार. डॉक्टरांना त्रास नको म्हणून म्हणत असणार, की आपलं होतं तसंच करा, फार काही नको. पाहुणा पानावर हात आडवा धरून 'नको नको, पुरे' म्हणतो तेव्हा आपण काय वाढायचं थांबतो का? उलट दोन घास जास्त वाढतो. त्यात जे प्रेम असतं त्याच प्रेमाने मौनीने तो दात सरळ केला. जागा कमी होती, म्हणून तिने तो कडेने हळूहळू बारीक करत आणला. रंग असा जुळवला की शेजारचा दातही फसला असता. इतका सुंदर दात तिने आयुष्यात केला नव्हता. डबी बंद करताना तिला वाटलं, हा आपणच आपल्याला दिलाय.

दात गेला. काही दिवसांनी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समोर डॉक्टरांची मेल होती. पेशंटला दात बनवणाऱ्या व्यक्तीशी बोलायचंय, गुरुवारी तुमच्या संध्याकाळी व्हिडिओवर भेटू.

"कशाला बोलायचं असेल?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही काही वेगळं केलंत का?"

खोटं बोलायला जितके शब्द लागतात तितकेही मौनीकडे नव्हते. "मी तो सरळ केला," ती म्हणाली.

"त्यांनी तर जसा होता तसाच सांगितला होता."

"मला वाटलं, संकोचाने म्हणत असतील."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी काचेतून खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मौनीला वाटलं. "तुम्ही पंगत वाढत नव्हतात हो, बाई," मॅडम शेवटी म्हणाल्या. "गुरुवारी बोला त्यांच्याशी. तुम्हीच बोला. नाहीतर मग आपलं ठरलंय तसं."

गुरुवारपर्यंत मौनी टेबलावर बसली की तिला बाहेरच्या खोलीतली घासणी ऐकू यायची आणि छातीत जुना खोकला उगाचच हालचाल करायचा. मास्तरांनी सुट्टीतला वर्ग बंद ठेवून फक्त तिची तयारी घेतली. आधी हवापाणी होईल, मग एखादी चांगली गोष्ट सांगतील, आणि मग 'बट' येईल. तो 'बट' आला की समजायचं, आता खरी गोष्ट सुरू. तेव्हा सॉरी म्हणायचं आणि दात पुन्हा करून देतो म्हणायचं, बस्स. मौनीने मान हलवली. मास्तर म्हणाले, "बाई, मान व्हिडिओवर दिसते, पण ती पुरत नाही."

माणसांसमोर जमेना म्हणून तिने टेबलावरच्या जबड्यांसमोर सराव केला. ते सगळे आ करून बसलेले, मध्ये बोलत नाहीत आणि हसले तरी कुणाला हसले ते कळत नाही. त्यांच्यापुढे तिने हळू आवाजात सॉरी म्हटलं, दहादा म्हटलं. चष्मेवालीने ते ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती काही न बोलता उठून भट्टीकडे गेली.

गुरुवार उजाडला आणि मावळायलाही लागला. केबिनमध्ये मॅडमनी स्वतःची खुर्ची तिला दिली आणि आपण बाजूला उभ्या राहिल्या. काचेबाहेर मास्तर, चष्मेवाली आणि दादा काम असल्याचं सोंग करत होते. पडद्यावर डॉक्टर आले. पांढऱ्या भुवयांचा, थकलेला पण हसरा माणूस. त्यांनी हवेपासून सुरुवात केली. तिकडे बर्फ पडला होता आणि दवाखान्यापुढचा रस्ता त्यांना स्वतः फावडं घेऊन साफ करावा लागला होता. मग कुत्र्याचं झालं. मग तिने आधी पाठवलेल्या कुठल्या तरी दाताचं कौतुक झालं. मौनी 'येस' म्हणत होती आणि 'बट'ची वाट बघत होती. काचेबाहेर मास्तर बोटं दाखवत होते, हवा झाली, कौतुक झालं, आता येईल.

'बट' आला नाही. डॉक्टर बाजूला सरकले आणि खुर्चीत एक ऐसपैस बाई येऊन बसली, जाड जाकीट, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, आणि तोंडात मौनीचा दात. काय सुंदर बसला होता. मौनीला त्या भीतीतही क्षणभर अभिमान वाटला.

"किती देखणा दात आहे हा," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने मला पुन्हा मागणी घालायची तयारी दाखवली. थांबा, तुम्हाला एक दाखवते."

आणि त्यांनी ओठ ताणले, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकर मारली. आवाज आला तो फक्त फुस्स असा, चाकातली हवा जावी तसा.

"ऐकलंत? आता हेही ऐका," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या बसच्या वाटेवर काही गल्ल्या अशा आहेत की तिथे म्हातारी माणसं राहतात आणि सकाळी हॉर्न वाजवायला बंदी आहे. म्हणून त्या कोपऱ्यावर बस उभी करतात आणि दातांतून शिट्टी घालतात. ती चढलेल्या दाताच्या कोपऱ्यातून निघायची. त्या फटीतून वारा कसा वळतो ते त्यांनाही ठाऊक नाही, पण पाचवीत असल्यापासून ती तशी निघतेय. पोरं घरात मोजे शोधत असली तरी शिट्टी ऐकून धावत सुटतात. आज ज्या पोरांना त्या शाळेत सोडतात त्यांच्यातल्या काहींच्या आयांनाही त्यांनी त्याच शिट्टीवर सोडलंय. आता त्या कोपऱ्यावर उभ्या राहून फुस्स करतात आणि कुणी येत नाही. परवा एक छोटी मुलगी बस चुकून घरीच राहिली.

मौनीला सगळं कळलं. मधे कुणी मराठीत सांगायला नव्हतं आणि तरी शब्द न् शब्द कळला, बस, गल्ली, मोजे, पोरं, शिट्टी. तिला ती छोटी मुलगी दारात दप्तर घेऊन उभी दिसली. स्वतःची भीती ती विसरली. तिला फार वाईट वाटलं. शिकवून ठेवलेलं वाक्य बाजूला पडलं आणि तिचं तिचंच काहीतरी बाहेर आलं.

"आय मेड इट स्ट्रेट," ती म्हणाली. आवाज स्वतःचाच असल्याचं तिला जरा उशिरा पटलं. "यू सेड, डोन्ट. आय थॉट, यू आर शाय."

पडद्यावरच्या बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांना कुणी आयुष्यात संकोची म्हटलं नसावं. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की बाजूला ठेवलेला कप हलला.

आता तोंड उघडलंच होतं. मौनी पुढे सांगत गेली, तुटक, चुकत, पण थांबली नाही. आमच्याकडे पाहुणा नको म्हणतो तेव्हा आम्ही जास्त वाढतो. मी तुम्हाला जास्त वाढलं. आणि मग, मास्तरांच्या कुठल्याच प्रसंगात नव्हतं असं तिने केलं. सवयीने तोंडावर गेलेला हात काढला, कॅमेऱ्याजवळ गेली आणि ओठ वर करून स्वतःचा दात दाखवला. "माझाही असाच आहे," ती म्हणाली. "मला माझा कधीच आवडला नाही. म्हणून तुमचा सरळ केला."

ड्रायव्हरबाई पुढे झुकल्या, इतक्या की पडदाभर त्यांचा चेहरा झाला. त्या तिचा दात निरखत होत्या, आणि त्यात मावशीच्या नजरेतलं काही नव्हतं. एखादी सुगरण दुसरीचं भांडं बघते तसं त्या बघत होत्या.

"अहो, हा तर माझ्यापेक्षा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला शिट्टी येते का?"

"नाही. कधी वाजवलीच नाही."

"असा दात असून?"

त्यानंतरचं बोलणं लांबलं. मौनीने फोटो पुढे ओढला आणि कामाला लागली. फुंकताना खालचा ओठ कुठे टेकतो, जीभ कुठे असते, मोडलेल्या दाताचा कोपरा शेजाऱ्यावर किती यायचा, वारा मधून जायचा की कडेने. शब्द अडला की ती प्लॅस्टरचा जबडा कॅमेऱ्यासमोर धरून बोट ठेवायची. डॉक्टरांनी जुने स्कॅन शोधून फटीचं माप काढून दिलं. मॅडम कधीतरी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि आता त्यांनी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. शेवटी डॉक्टर म्हणाले की घाई नाही, तोवर ते तात्पुरता दात बसवतील, आणि इतक्या वर्षांत कुठल्याही कारखान्याने आपली चूक इतक्या सरळ सांगितली नव्हती.

पडदा बंद झाला. मौनी खुर्चीतच बसून राहिली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं.

"बाई," मॅडम म्हणाल्या, "माझी खुर्ची द्या आता. आणि उद्या तुमच्या टेबलावर जा. पण पुन्हा कुणाला जास्त वाढू नका."

केबिनबाहेर मास्तर रुमालाने चष्मा पुसत होते. ते चष्मा लावत नसत, तो चष्मेवालीचा होता. "मी शिकवलेलं एकही वाक्य बोलल्या नाहीत," ते दादांना सांगत होते, आणि त्यांचा सूर तक्रारीचा मुळीच नव्हता.

नवा दात करायला मौनीला वेळ लागला. वाकडा दात मुद्दाम घडवणं सरळ करण्यापेक्षा कठीण निघालं. भट्टीत पोर्सिलेन आकसतं आणि फट मोठी होते. एकदा कोपरा जास्त चढला, एकदा कमी. मापासाठी तिला आरसा घेऊन स्वतःच्या दाताकडे बघावं लागे. इतकी वर्षं दात घासण्यापुरती ज्याची ओळख ठेवली होती त्याचा प्रत्येक उतार तिने पहिल्यांदा नीट पाहिला. वाईट नव्हता तो. शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उभ्या असलेल्या माणसासारखा होता. दुपारी सगळे जेवायला गेले की ती आरशासमोर हळूच फुंकून बघायची. फुस्स.

दात गेला, बसला, आणि पुन्हा एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. या वेळी काचेबाहेर सोंग करायचं कुणाच्या मनातही आलं नाही, सगळे सरळ केबिनमध्ये शिरले. ड्रायव्हरबाई बसमध्येच बसून बोलत होत्या, मागे हिरव्या सीटच्या रांगा दिसत होत्या.

"कान सांभाळा," त्या म्हणाल्या.

शिट्टी आली. बारीक नव्हे, गोल नव्हे, सरळ भिंतीतून पार होणारी. दादांनी कानांवर हात ठेवले. कुठेतरी एक कुत्रं भुंकायला लागलं, आणि मग पडद्याच्या कडेने लांबवर एक दार उघडलं आणि एक छोटी मुलगी पाठीवर दप्तर आपटत बसकडे पळत येताना दिसली. मौनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसत होती. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर होते, त्यातला एकही तोंडाकडे गेला नाही, आणि हे फक्त चष्मेवालीच्या लक्षात आलं.

"आता तुमची पाळी," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "सांगितलं तसं. खालचा ओठ आत, जीभ मागे."

खोलीभर माणसं. मॅडम, मास्तर, सगळेच. मौनीने ओठ आत घेतला, जीभ मागे नेली, छाती भरून श्वास घेतला. खोकला आला नाही. तिने फुंकर मारली.

फुस्स.

सगळे हसले, ड्रायव्हरबाई सगळ्यांत जास्त. मौनीने जरा विचार केला. मग पडद्याकडे बघून, अगदी स्पष्ट, जबडा मोकळा सोडून ती म्हणाली, "रेन चेक."

मास्तरांनी भिंतीला टेकून घेतलं. पडद्यावरच्या बाईंनी स्टीअरिंगवर हात आपटला, बस दणाणली, आणि मुलांना घेऊन निघाली.

त्या दिवशी मौनी घरी आली तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत भाजी निवडत होत्या. ती स्वयंपाकघरात गेली, हात धुतले आणि गॅसवर काही ठेवायच्या आधी खिडकीपाशी उभी राहिली. ओठ आत, जीभ मागे. एकदा फुस्स झालं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा वारा कुठेतरी वळला, दाताच्या त्या कोपऱ्याला घासला, आणि एक लांबलचक, कर्कश शिट्टी घरभर फिरली. मौनी स्वतःच दचकली.

"अगं," आतून सासूबाई ओरडल्या, "झाली बघ शिट्टी. गॅस बारीक कर."

शेगडीवर काहीच नव्हतं. कुकर अजून खालच्या फळीवरच होता.

"हो, आई," मौनी म्हणाली. "अजून दोन होऊ देते."